आपल्या रक्तात नाही म्हणे!



एकच वाक्य आपण दोन तऱ्हांनी बोलतो. स्थळ बघायला गेलो की मुलाकडचे अभिमानाने सांगतात, "आमच्या खानदानात कुणी थेंबाला शिवलेलं नाही. रक्तातच नाही आमच्या." आणि घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा झाला, कारण तिचा नवरा रात्री पिऊन कुठेतरी पडला, की तेच तोंड म्हणतं, "काय करणार, त्यांच्या रक्तातच आहे ते." आमच्या शिरपुरात सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून पावरा आणि भिल्ल समाजाच्या बायका रोज कामाला येतात. त्यामुळे हे दुसरं वाक्य इथे फार ऐकू येतं. ऐकायला ती बाई दारातच उभी असते, तरी येतं.

मला ही दोन्ही वाक्यं खोटी वाटतात. नुसती कठोर म्हणून नव्हे. शरीराच्या हिशोबातही ती खोटी आहेत आणि आपल्या धर्माच्या हिशोबातही. आज तेच लिहायचं आहे.

आधी शरीर. कुणीही दारू प्यायलं की ती यकृतात जाते आणि तिथे दोन पायऱ्यांत मोडली जाते. पहिल्या पायरीवर अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम तिचं ॲसिटाल्डिहाइड करतं. हे मधलं रसायन दारूपेक्षाही वाईट. डोकं ठणकणं, छाती धडधडणं, मळमळ यात त्याचा मोठा हात असतो, आणि त्याचं नातं कर्करोगाशीही आहे. दुसऱ्या पायरीवर दुसरं एन्झाइम त्याचं ॲसिटेट करतं, म्हणजे जवळपास निरुपद्रवी. साधारण माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम दारू निकालात काढतं. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही.

एन्झाइम कसं बनवायचं याची कृती जनुकात लिहिलेली असते. पहिल्या पायरीच्या एन्झाइमची सात जनुकं आपल्या चौथ्या गुणसूत्रावर एका ओळीत बसलेली आहेत. त्यांना एडीएच म्हणतात. दुसऱ्या पायरीचं मुख्य जनुक बाराव्या गुणसूत्रावर आहे, एएलडीएच२. आपल्या शिरपुरात फार्मसीचं कॉलेज आहे. तिथल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो हे झोपेतही सांगेल.

आता माझा मुद्दा. ही जनुकं माझ्यातही आहेत. तुमच्यातही आहेत. वर्षीतप करणाऱ्या सासूबाईंच्या यकृतात आहेत, आयुष्यभर चौविहार पाळलेल्या आजोबांच्या यकृतात होती. ज्याने कधी वासही घेतला नाही त्याच्याही शरीरात दारू पचवायची पूर्ण सोय आहे. कारण आपल्या आतड्यातले सूक्ष्म जीव अन्न आंबवताना थोडीशी दारू रोजच तयार करतात आणि यकृत ती गुपचूप मोडून टाकतं. म्हणजे "रक्तात नाही" हे पहिलं वाक्य इथेच संपलं.

ही सोय आली कुठून? अमेरिकेतल्या मॅथ्यू कॅरिगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ च्या डिसेंबरात एक अभ्यास प्रसिद्ध केला. या सातांपैकी एडीएच४ या जनुकात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी एक छोटा बदल झाला, आणि त्यामुळे हे एन्झाइम दारू मोडायच्या कामात जवळजवळ चाळीस पट तरबेज झालं. हा बदल माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या सामाईक पूर्वजात झाला. त्यांचा तर्क असा, की झाडावरून खाली उतरून जमिनीवर पडलेली, आंबलेली फळं खाऊ लागलेल्या जिवांना त्याचा उपयोग झाला असावा. मला हे वाचताना आपला मोह आठवला. फाल्गुन-चैत्रात पहाटे सातपुड्यात मोहाची फुलं टपटप खाली पडतात, बायका-पोरं टोपल्या घेऊन वेचतात. साखरेने भरलेलं फूल, ओलं राहिलं तर आपसूक आंबतं. दारू माणसाने शोधण्याच्या कितीतरी आधीपासून जंगलात होती, आणि तिला मोडणारं एन्झाइमही होतं. त्यात पावरा कोण आणि ओसवाल कोण?

काही लोकांच्या जनुकांत फरक असतो, हे खरं आहे. चीन, जपान, कोरिया इकडच्या लोकांत साधारण तीनातल्या एकाच्या एएलडीएच२ मध्ये एक अक्षर बदललेलं असतं. त्यांचं दुसऱ्या पायरीचं एन्झाइम नीट चालत नाही, ॲसिटाल्डिहाइड साठतं, आणि दोन घोटांतच चेहरा लालबुंद होतो, जीव घाबरा होतो. ज्यांच्यात या बदलाच्या दोन्ही प्रती असतात त्यांना पिणं जवळजवळ अशक्यच. दारूचं व्यसन त्यांच्यात फार कमी दिसतं. खरं म्हणजे "रक्तातच नाही" असं म्हणायचा हक्क कुणाला असेल, तर त्यांना. पण त्यांच्यातही जो लाज सोडून पीत राहतो, त्याला अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त.

ईशान्येकडचे काही समाज सोडले तर भारतात हा बदल फार विरळ आहे. म्हणजे मारवाडातून आलेल्या, गुजरातेतून आलेल्या किंवा इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या जैन घरांना असं कुठलंही जन्मजात कवच मिळालेलं नाही. आपला मुलगा पहिला पेला उचलेल तेव्हा त्याचं यकृत त्याला थांबवणार नाही.

मग आपल्या पूर्वजांना कुणी थांबवलं? ओसवालांची परंपरा काय सांगते ते आठवा. ओसियाला आचार्य रत्नप्रभसूरी आले, त्यांच्या उपदेशाने तिथल्या राजाने आणि प्रजेने मांस-मदिरा सोडली, जैन धर्म घेतला, आणि तिथून ओसवाल सुरू झाले. तिथली बळी घेणारी चामुंडाही सच्चियाय माता झाली, असं आपण लहानपणापासून ऐकतो. या कथेचा सरळ अर्थ घ्या. आपले मूळपुरुष पिणारे होते! एका रात्रीत त्यांची जनुकं बदलली नाहीत. बदललं ते पच्चक्खाण. जे आपण रक्ताच्या नावावर खपवतो, ते त्यांनी जाणूनबुजून, सवयीविरुद्ध, बहुधा खूप त्रास सोसून सोडलेलं आहे. त्याला रक्तातलं म्हणणं म्हणजे त्यांचा पुरुषार्थच काढून घेणं.

आपल्याकडे मध, मद्य, मांस, माखण या चार महाविगई सांगितल्या. मद्य का वर्ज्य, तर आंबवण्यात असंख्य जीव उपजतात आणि मरतात म्हणून, आणि बुद्धी झाकली जाते म्हणून. आंबणं हे जिवंत यीस्टचं काम आहे हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकात प्रयोगाने दाखवलं. आपल्या आजीने सूक्ष्मदर्शक न बघता पाळलं. पण पाळलं, हा शब्द महत्त्वाचा. जे आपोआप होतं त्याचा नियम घ्यावा लागत नाही.

आता कुणी म्हणेल, ताई, व्यसन आनुवंशिक असतं असं डॉक्टरही म्हणतात. बरोबर आहे. जुळ्या भावंडांवरचे अभ्यास सांगतात की दारूच्या व्यसनाच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे. एडीएच१बी हे जनुक त्यात ठळक. पण हा निम्मा वाटा कुणा एका समाजाच्या कपाळावर लिहिलेला नाही. प्रत्येक समाजात काही घरं, प्रत्येक घरात काही जण जास्त ओढले जाणारे असतात. आपल्यातही आहेत. ते कळत नाही, कारण पेलाच समोर आला नाही. आणि उरलेला निम्मा म्हणजे परिस्थिती: हाताशी किती सहज मिळते, बरोबरचे काय करतात, दुःख किती आहे, काम किती जड आहे.

हे समजायला आपल्याला पाश्चात्त्य पुस्तक कशाला हवं? कर्म सत्तेत असतं, पण उदयाला यायला निमित्त लागतं, हे आपण स्थानकात व्याख्यानाला बसून कितीदा ऐकलं. जनुक म्हणजेच कर्म असं मी म्हणत नाही, तेवढा माझा अभ्यास नाही. पण सत्तेत असलेलं सगळं उदयाला येतंच असं नाही, पुरुषार्थाने ते मंदही करता येतं, हा विचार ज्यांच्या घरात आहे त्यांनी तरी "रक्तातच आहे" म्हणून हात झटकू नयेत. शिवाय आठ कर्मांच्या उपमा आठवा. मोहनीय कर्माला उपमा कशाची दिली आहे? मद्याची. पिणाऱ्याला जसं आपलं-परकं, भलं-बुरं कळत नाही, तसं मोहात जिवाला कळत नाही. या अर्थाने आपण सगळेच थोडे प्यायलेले आहोत. मग झिंगलेल्याकडे बघून नाक कुणी मुरडायचं?

या दोन वाक्यांनी खरं नुकसान कसं होतं, ते आता सांगते.

पहिलं नुकसान आपल्याच घरात. आमच्या नात्यातला एक मुलगा, पुण्याला नोकरीला, चांगला शिकलेला. कंपनीच्या पार्ट्यांत सुरुवात झाली, मग एकट्याने खोलीवर. घरच्यांना कळून दीड वर्ष झालं तरी कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. "आपल्यात असं नसतं, संगत सुटली की सुटेल," एवढंच. लोकांना कावीळ सांगितली, नवस बोलले, लग्न ठरवायची घाई केली. जो समाज म्हणतो "आमच्यात होतच नाही", तिथे होतं तेव्हा ते लपवावं लागतं, आणि लपवलेला आजार वाढतो. पुण्यात डॉ. अनिल अवचट आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून किती घरं तिथून सावरली. त्याच शहरात राहणारा आमचा मुलगा तिथे पोचायला दीड वर्ष लागलं, फक्त एका वाक्यापायी. आज तो बरा आहे. पण त्या दीड वर्षात त्याच्या आईचे केस पांढरे झाले ते मी पाहिले आहेत.

दुसरं नुकसान त्या दारातल्या बाईचं. आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंनी एकदा पदराच्या गाठीतून पुडी काढून दाखवली. "भाभी, हे भाजीत टाकलं की दारू सुटते म्हणे, त्याला सांगायचंबी नाही." भिंतीवरची जाहिरात बघून तिने दोन दिवसांची मजुरी त्यात घातली होती. पुडीवर आत काय आहे याचं नाव नाही.

मैत्रिणींनो, इथे हे जनुकाचं ज्ञान स्वयंपाकघरात उपयोगी पडतं. डायसल्फिराम नावाचं एक औषध आहे. १९४८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये त्याचा दारू सोडवण्यासाठी उपयोग सुरू झाला. ते दुसऱ्या पायरीचं एन्झाइम बंद पाडतं. म्हणजे त्या जपानी माणसाला जे जन्मतः होतं, ते औषधाने घडवायचं: प्यायलं की उलट्या, धडधड, घाम, जीव नकोसा. डॉक्टर ते रुग्णाला पूर्ण सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. पण ते चोरून भाजीत घातलं आणि तो माणूस संध्याकाळी नेहमीइतकी प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदय थांबू शकतं. बिननावाच्या पुडीत ते असेल, दुसरंच काही असेल किंवा नुसती राख असेल. काहीही असलं तरी घालायचं नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडणंही धोक्याचं आहे. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. तेही डॉक्टरच्या देखरेखीतच.

मी ताईंना हे सगळं सांगितलं. पुडी मोरीत गेली. त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे हा आजार असतो का? मला तर सगळे म्हणतात, तुमच्यात असंच असतं." त्यांच्या आवाजात एक हलकेपणा होता, जणू कुणीतरी खांद्यावरचा हंडा उतरवून ठेवला. नंतर त्या नवऱ्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या. तो पुरता सुटला नाही, मध्ये मध्ये घसरतो. पण आता त्या त्याला आजारी म्हणतात, आणि स्वतःच्या मुलाला "तुझ्या रक्तात आहे" असं कुणाला म्हणू देत नाहीत. मुलाच्या बाबतीत मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या पोराने लहानपणापासून ऐकलं की तू पिणारच, त्याने न प्यायचं कशाच्या जोरावर?

तिसरी गोष्ट जिवाची. २००४ मध्ये विक्रोळीला आणि २०१५ च्या जूनमध्ये मालवणीला विषारी दारूने माणसं मेली. मालवणीत तर शंभराहून जास्त. त्या दारूत मेथेनॉल होतं. मेथेनॉल शरीरात गेल्यावर तेच पहिल्या पायरीचं एन्झाइम त्याला पकडतं आणि त्याचं फॉर्माल्डिहाइड, पुढे फॉर्मिक ॲसिड होतं. त्याने आधी डोळे जातात, मग जीव. म्हणून हॉस्पिटलात अशा रुग्णाला फोमेपिझोल देऊन ते एन्झाइम अडवतात. ते नसेल तर साधं इथेनॉलच देतात, कारण एन्झाइमला त्याची ओढ जास्त, ते त्यात गुंततं आणि मेथेनॉल तसंच बाहेर पडायला वेळ मिळतो. पण रुग्ण वेळेत पोचला तर. हे मरणारे कोण होते? हातावर पोट असलेले, स्वस्त पिशवी घेणारे. बंगल्यात महागडी बाटली उघडणाऱ्याचं आणि त्यांचं एन्झाइम सारखंच होतं. फरक खिशाचा होता. मेलेल्यांबद्दलही लोक म्हणालेच, "पिणारच ते." विष कालवणाऱ्याचा गुन्हा असा मेलेल्याच्या रक्तावर ढकलला जातो.

मग आपण काय करायचं? मला सुचतं ते सांगते.

मुलामुलींना "आपल्यात चालत नाही" एवढंच सांगून कॉलेजला पाठवू नका. का चालत नाही ते सांगा. धर्माचं कारण सांगा, शरीराचंही सांगा. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला पहिल्या गटातलं, म्हणजे खात्रीचं कर्करोगकारक ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं प्रमाणच नाही. मुलींना हेही सांगा, की बाईच्या शरीरात पाण्याचा वाटा कमी असल्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तात जास्त चढते.

घरातल्या बाटल्यांची लेबलं वाचा. बाळंतिणीला देतो त्या दशमूलारिष्टात, द्राक्षासवात आंबवण्याने आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण पाच ते दहा टक्के असं छापलेलंही असतं. ज्यांचा नियम कडक आहे त्यांनी वैद्यांकडून काढा किंवा चूर्ण मागून घ्यावं. जो माणूस दारू सोडतो आहे, विशेषतः डायसल्फिरामवर आहे, त्याला तर ही आसवं आणि अल्कोहोल असलेली खोकल्याची औषधं डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊच नयेत.

घरात कुणाला व्यसन लागलं तर नाव झाकू नका. १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत फोन आहे. आपल्या कामवाल्या ताईंनाही तो लिहून द्या. त्यांचा खाडा कापण्याआधी एकदा विचारा, घरी सगळं ठीक आहे ना.

आणि वस्तीतलं दुकान नको असेल तर बायकांच्या हाती मत आहे. महाराष्ट्रात गावातल्या किंवा वॉर्डातल्या मतदारांनी नियमात ठरलेल्या प्रमाणात आडव्या बाटलीला मत दिलं, तर परवान्याचं दुकान बंद करावं लागतं. यात आपण बंगल्यातल्या बायका बहुतेक वेळा घरीच बसतो, आपल्या घरात प्रश्न नाही म्हणून. त्या दिवशी पाड्यावरच्या बाईच्या शेजारी रांगेत उभं राहायला काय हरकत आहे?

स्थळाच्या कागदावर "निर्व्यसनी" जरूर लिहा. तो शब्द सुंदर आहे, कारण त्यात कमाई आहे. पण तो त्या मुलाचा स्वतःचा आहे, खानदानाचा नव्हे, आणि तो त्याला रोज नव्याने कमवावा लागतो. ओसियाच्या त्या पहिल्या माणसांनी कमावला तसाच. सातपुड्याच्या पायथ्याशी आज पेला खाली ठेवणाऱ्या कुणा पावरा तरुणाचा नियमही तेवढ्याच किमतीचा आहे. कदाचित जास्तच, कारण त्याला पाठीवर हात ठेवणारे कमी आहेत.

जय जिनेंद्र.